अनुपमाचे सहा

अनुपमा मिठबावकरांचा आवाज गोड आहे असं कोणी म्हणणार नाही, आणि त्या स्वतः तर मुळीच म्हणणार नाहीत. थोडा जाड, थोडा नाकातला, आणि वाक्य संपता संपता मालवणी हेल काढून वर जाणारा तो आवाज. ऐकणाऱ्याला आधी वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय. आणि लगेच वाटायचं, ही बाई आपल्या चुकीवर पांघरूण घालेल. द्वारकाबाई रुग्णालयाला नेमका असाच आवाज हवा होता.

अंधेरी आणि जोगेश्वरीच्या मध्ये कुठेतरी असलेलं हे ट्रस्टचं जुनं, तीन मजली हॉस्पिटल. तळमजल्यावर गेटकडे तोंड केलेली टेलिफोनची केबिन, केबिनमध्ये बोर्ड, बोर्डाशेजारी माइक आणि माइकसमोर जाळीची खिडकी. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच अनुपमाबाई त्या खुर्चीत बसल्या. पुढे त्यांचा मुलगा शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीसाठी बंगलोरला गेला. बाई खुर्चीतच होत्या.

“डॉक्टर कानविंदे, लेबर रूम. डॉक्टर कानविंदे, लेबर रूम.” दुसऱ्या हाकेला डॉक्टर आले नाहीत तर तिसऱ्या हाकेत असा काही स्वर लागायचा, की ते कँटीनमध्ये बसलेत हे हॉस्पिटलला कळायचं. “डॉक्टर कानविंदे, चहा ठेवून या,” असं बाई माइकवर फक्त एकदाच म्हणाल्या. डॉक्टर त्यानंतर महिनाभर चहा उभ्यानेच प्यायले.

ही सवय घरीही आली. घरात बाई हाक मारत नसत, घोषणा करत. एरवी नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “विद्याधर मिठबावकर यांनी कृपया दूध बघायला यावं.” आणि विद्याधरराव, जे पार्ल्याच्या एका शाळेत ऑफिसात होते आणि ज्यांना शाळेची घंटाही कधी हलवू शकली नव्हती, ते पेपर टाकून उठायचे.

पण बाईंची खरी घोषणा संध्याकाळची. चार ते सहा पेशंटना भेटायची वेळ. सहाला बाई माइक पुढे ओढायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, “भेटीची वेळ संपली आहे. नातेवाईकांनी आता निघावं. पेशंटला विश्रांती घेऊ द्यावी.” मग तेच हिंदीत आणि इंग्रजीत. मराठीत ‘निघावं’ होतं, त्याचं हिंदीत ‘निकलिए’ व्हायचं आणि इंग्रजीत बाई नुसतंच ‘प्लीज’ म्हणून थांबायच्या. लोकांना कळायचं.

आता, सहाला म्हटलं खरं, पण हे सहा अनुपमाबाईंचे होते. जाळीतून गेट दिसायचं. गेटबाहेर रिक्षा थांबलेली, त्यातून कोणी डबा सांभाळत उतरतंय, सुटे पैसे शोधतंय, तोवर माइक बंदच. माणूस पळत आत आला, जिना चढला, पेशंटच्या उशाशी बसला, ‘जेवलीस का’ विचारून झालं असेल, असा अंदाज घ्यायचा आणि मग बटण दाबायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकदा घड्याळ बघून घोषणा केली होती, आणि हातात मोसंब्यांची पिशवी घेतलेला एक माणूस गेटातच थबकून, पिशवीकडे बघत परत फिरला होता. तो पाठमोरा माणूस बाईंना काही केल्या विसरता आला नाही.

ट्रस्टचे सेक्रेटरी भाऊ एकदा केबिनीत येऊन म्हणाले होते, “अनुपमा, माझ्या घड्याळात सव्वासहा होतायत.”

“दाखवून घ्या भाऊ. पुढे जात असेल.”

भाऊंनी खरंच घड्याळ मागे केलं. भाऊच काय, सगळं हॉस्पिटलच बाईंच्या घोषणेवर घड्याळ लावायचं. वॉर्डांतली, ऑपरेशन थिएटरबाहेरची, कँटीनमधली, सगळी घड्याळं. गेटवरचा सहदेव तर घड्याळ वापरायचाच नाही. स्पीकरमधून बाई बोलल्या की तो गेटाला कडी घालायचा. त्याच्या लेखी सूर्यही बाईंना विचारून मावळायचा.

कोविडच्या दिवसांत भेटी बंद झाल्या, तेव्हा घोषणाही बंद झाली. दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरून सिस्टरचा फोन आला, “बाई, पेशंट विचारतायत, संध्याकाळ का होत नाही म्हणून.” त्या दिवसापासून बाई रिकाम्या गेटाकडे बघत, कोणीही आत आलेलं नसताना, रोज सांगायच्या की भेटीची वेळ संपली आहे. जाळीबाहेर कावळ्याशिवाय कोणी नसायचं. तरी थोडं थांबून मगच सांगायच्या.

मग ट्रस्ट थकला आणि नवी मॅनेजमेंट आली. गेटवरच्या पाटीवरची द्वारकाबाई बारीक अक्षरात गेली आणि वर मोठ्या अक्षरात ‘केअर’ आलं. बाक गेले, सोफे आले. कँटीन गेलं, कॅफे आला, आणि चहा इतका महाग झाला की डॉक्टर कानविंदे बोलावल्याबरोबर यायला लागले. एक तपासणीवाले आले आणि त्यांनी अहवालात लिहिलं की या हॉस्पिटलातली सगळी घड्याळं मागे आहेत, आणि विशेष म्हणजे सगळी सारखीच मागे आहेत. हे तांत्रिकदृष्ट्या कसं शक्य आहे, ते त्यांना शेवटपर्यंत उलगडलं नाही.

सगळ्यांसाठी एक शिबिर झालं. ‘बदलाकडे सकारात्मक दृष्टीने पाहा.’ शिकवायला आलेल्या उत्साही गृहस्थांनी प्रत्येकाला फुगा दिला. जे मागे सोडून द्यायचं ते फुग्यावर लिहा आणि फुगा फोडा. वर बरोबर हृदयरोग्यांचा वॉर्ड आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाच-सहा फुगे फुटल्यावर वरून सिस्टर धावत आली आणि शिबिर तिथेच संपलं. अनुपमाबाईंचा फुगा फुटायचा राहिला. त्यावर त्यांनी काही लिहिलंही नव्हतं. घरी आणून त्यांनी तो खिडकीच्या गजाला बांधला आणि चार दिवसांत तो आपोआप सुरकुतला.

सोडायचं काय हे त्यांना विचारायची गरजच नव्हती. डॉक्टरांच्या मोबाइलवर ॲप आलं, एक्स्चेंज बंद झालं, केबिनीत फुलांचं दुकान आलं. संध्याकाळची घोषणा कॉम्प्युटर करू लागला. बाईंना निळं जाकीट मिळालं. त्याच्या पाठीवर लिहिलेलं, ‘मी आपली मदत करू शकते का?’ मदत मागणारा माणूस समोरून येतो आणि मजकूर पाठीवर, त्यामुळे बाईंना कोणी काही विचारलं नाही. सोफ्यांच्या मध्ये उभं राहून हसायचं, पेशंटच्या माणसांना हव्या त्या खोलीपर्यंत सोडून यायचं, एवढंच काम.

बाईंनी तक्रार केली नाही. “बसून बसून गुडघे धरले होते, आता चालणं होतं,” असं त्या सगळ्यांना सांगायच्या. विद्याधररावांना तर इतक्यांदा सांगितलं, की ते म्हणाले, “अगं, गुडघ्यांचं कळलं. तुझं काय?”

“माझं काय व्हायचंय?”

पण सुट्टीच्या दिवशी सहाच्या सुमाराला, गॅलरीतले वाळलेले कपडे काढता काढता, बाईंचे ओठ हलतात हे विद्याधररावांनी पाहिलं होतं. आवाज नसायचा. खाली रस्त्यावर कोणी घाईने बिल्डिंगमध्ये शिरताना दिसलं की ओठ थांबायचे. तो माणूस आत गेला की पुन्हा हलायचे. विद्याधरराव दूध बघायला आपणहूनच जायला लागले. हाक यायचीच बंद झाली होती.

सगळ्यात जास्त बाईंना बाजारात चुकल्यासारखं वाटायचं. पूर्वी त्यांनी नुसतं “पापलेट कसं दिलंस गं” विचारलं तरी कोळीण मान वर करायची. “द्वारकाबाईत बोलतेस ना तू? माझी सासू होती तिथं.” आणि एखादा बोंबील जास्त पडायचा. बोंबलाचं काही नव्हतं. आपण तोंड उघडलं की कुणाला तरी आपली सासू, आपला भाऊ, आपलं बाळंतपण आठवतं, या गोष्टीची बाईंना चटक लागली होती. आता नव्या कोळिणीला त्यांचा आवाज म्हणजे नुसती घासाघीस होती.

इकडे कॉम्प्युटरच्या घोषणेचं काही जमेना. कॉम्प्युटर म्हणायचा, “भेटी ची वेळ समाप्त झालेली आहे.” इतक्या गुळगुळीत आवाजात, की लोकांना वाटायचं मोबाइलची जाहिरात चालू आहे. कोणी उठायचंच नाही. सात वाजले तरी वॉर्डात डबे उघडलेले, सतरा जण एका पलंगाभोवती, आणि सिस्टर रडकुंडीला. शेवटी एचआरच्या गंधाली मॅडमनी बाईंना बोलावून घेतलं. गंधाली पस्तिशीची, हुशार, आणि मनाने चांगली होती. फक्त तिला प्रत्येक अडचण सुटलेली बघायची सवय होती.

“अनुपमाताई, लोकांना तुमचाच आवाज हवाय. सिस्टर म्हणतात, तुम्ही सांगितलंत की लोक उठतात. कराल का परत?”

बाईंनी लगेच मान हलवली.

त्या रात्री त्यांनी कोमट पाणी आणि ज्येष्ठमध घेतला. सकाळी ठेवणीतली अंजिरी साडी काढली. विद्याधररावांनी विचारलं, “माइकला साडी दिसते का गं?”

“तुम्ही दूध बघा.”

गंधालीने पाठवलेली गाडी मात्र हॉस्पिटलात न जाता अंधेरी पश्चिमेच्या एका गल्लीत गेली. चौथ्या मजल्यावर एक खोली, भिंतींना राखाडी गादी लावलेली, खिडकी नाही. काचेपलीकडे सौरभ नावाचा रेकॉर्डिस्ट, दिवसभर लोकांचे आवाज ऐकून चेहरा थकलेला. बाजूला गंधाली.

बाई माइकसमोर बसल्या. पदर सारखा केला.

“बोला मॅडम,” सौरभ म्हणाला.

बाई समोर गादीकडे बघत राहिल्या.

“मॅडम, चालू आहे. बोला ना.”

“हो, हो. कोणी येतंय का बघत होते.”

“इथं कोण येणार?”

“तेच ना,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “इथं बोलले तर हॉस्पिटलात कसं ऐकू जाईल?”

गंधाली आत आली. खुर्ची ओढून शेजारी बसली. “ताई, आज एकदा रेकॉर्ड करायचं. रोज सहाला आपोआप लागेल. तुम्हाला परत परत बोलायला नको. सुट्टी असो, आजारी असलात, रिटायर झालात तरी तुमचा आवाज राहील.”

“आणि मी?”

“तुम्ही आहातच ना लॉबीत.”

बाईंनी साडीच्या निऱ्यांकडे पाहिलं. नाही म्हणून उठता आलं असतं, गंधालीने अडवलंही नसतं. पण नाही म्हटलं तर तो गुळगुळीत आवाज राहणार. पेशंटना रोज संध्याकाळी कोणीतरी परकी बाई ‘समाप्त’ म्हणणार. त्यापेक्षा आपण बरे. आणि खरं सांगायचं तर, वॉर्डावॉर्डांतून आपला आवाज परत फिरेल, हा विचार सोडवत नव्हता. उरलेलं कमी आहे म्हणून ते टाकून द्यायचं मन होईना.

“घ्या,” त्या म्हणाल्या.

सौरभने तीन वेळा घेतलं. तिसरं त्याला आवडलं. “झकास. फक्त वाक्याच्या आधी तुम्ही मोठा श्वास घेता, तो काढून टाकतो. क्लीन येईल.”

“काढा,” बाई म्हणाल्या. “तिथं काय करायचाय तो.”

सोमवारी सहाच्या ठोक्याला घोषणा झाली. तळमजल्यावर निळ्या जाकिटात उभ्या असलेल्या बाईंनी स्वतःला छतातून बोलताना ऐकलं आणि नकळत मान खाली घातली. वॉर्डावॉर्डांत लोक उठले. डबे बंद झाले, पिशव्या उचलल्या गेल्या. वरून सिस्टरचा फोन आला. कानविंदे डॉक्टरांनी कॅफेतून वडे मागवले आणि पैसे दिले, यावरून प्रसंग केवढा होता ते लक्षात यावं. सहदेवने गेटाला कडी घालून लांबूनच सलाम ठोकला. बाई सगळ्यांशी हसून बोलल्या. घरी गेल्यावर विद्याधररावांना हाकही मारली, नावानिशी, आणि ते दूध उतू जाईपर्यंत बाईंकडे बघत राहिले.

चार-पाच दिवस बरे गेले. आवाज आपलाच, शब्द आपलेच, हेलही जिथल्या तिथे. फक्त सहाच्या आसपास बाईंची नजर काचेच्या दारातून गेटाकडे जायची, आणि तिकडे कोणी धावत येत असलं तरी छतातल्या बाई बोलून मोकळ्या व्हायच्या. त्या छतातल्या बाईंना गेट दिसत नव्हतं.

शनिवारी मराठी घोषणा झाली आणि गेटाशी बोलाचाली ऐकू आली. गजांच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात स्वच्छ सदरा, पायजमा मांडीपर्यंत भिजलेला, छातीशी स्टीलचा डबा धरलेला. बाईंनी ओळखलं, ते खाडीपलीकडच्या मढचे धोंडूकाका. त्यांची बायको वरच्या मजल्यावर होती, पडून खुबा मोडला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. रोज ते मढहून बोटीने वर्सोव्याला यायचे आणि तिथून पुढे. आज ओहोटी होती. बोट गाळाला लागली, तेव्हा उरलेलं पाणी तुडवत काठाला आले होते.

“सहदेव, सोड त्यांना,” बाई गेटाशी येऊन म्हणाल्या.

सहदेवने कडीवरचा हात काढला नाही. “मॅडम, वेळ संपली.”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच. आत्ता बोललात ना.”

“मी कुठं बोलले? मी तर इथं उभी आहे.”

सहदेवने वर गेटावरच्या स्पीकरकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं. “आवाज तुमचा होता मॅडम. इतकी वर्षं तुमच्या शब्दाबाहेर मी गेलो नाही. आता तुम्हीच एक वरून सांगता आणि एक खालून. मी ऐकायचं कोणाचं?”

तेवढ्यात वरून हिंदी सुरू झालं. “मिलने का समय खत्म हुआ है. रिश्तेदार अब निकलिए.” धोंडूकाका दचकले आणि दोन पावलं मागे सरकले. डबा त्यांनी बाईंपुढे धरला. “बाई जा म्हणतात. तुम्हीच द्या एवढं. तिला सांगा, मी आलेलो.”

बाईंनी डबा घेतला नाही. गजांतून दिसणारा तो भिजलेला पायजमा त्या बघत राहिल्या. त्यांचा स्वतःचा आवाज, ज्यासाठी त्या इतके महिने तळमळल्या होत्या, तो डोक्यावरून या माणसाला हाकलत होता. त्यांना त्या आवाजाचा मनापासून राग आला. आणि रागावणार कोणावर, तर श्वास काढून टाकलेल्या स्वतःवर.

मग त्या वळल्या आणि सहदेवला पाठ दाखवून उभ्या राहिल्या. “वाच.”

सहदेवने अक्षरं लावत वाचलं. “मी आपली मदत करू शकते का?”

“हे जाकीट घालून मी कोणालाही, कोणत्याही खोलीपर्यंत सोडू शकते. मॅनेजमेंटनेच सांगितलंय. गंधाली मॅडमना विचार.”

“भेटीच्या वेळेत ना?”

“तसं काही लिहिलंय का पाठीवर?”

सहदेवने पुन्हा एकदा वाचलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्याने कडी काढली.

जिन्यात वरून उतरणाऱ्या नातेवाइकांची रांग लागली होती. बाई धोंडूकाकांचं कोपर धरून त्या रांगेतून उलट्या वर चढत होत्या. इंग्रजी घोषणा ‘प्लीज’पाशी येऊन थांबली आणि मराठी पुन्हा सुरू झाली. रेकॉर्डिंग मध्ये थांबत थांबत दोनदा लागायचं.

“या बाई फार मागे लागतात हो,” धोंडूकाका धापा टाकत म्हणाले.

“मी ओळखते त्यांना. सावकाश चढा.”

“तुमच्यासारखाच आवाज आहे.”

“लोक म्हणतात तसं.”

वॉर्ड रिकामा होत आला होता. कोपऱ्यातल्या पलंगावरची म्हातारी दाराकडे तोंड करून पडली होती. नवरा दिसताच तिने त्याच्या पायजम्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. त्यावरून बाईंना कळलं की आता ठीक आहे. धोंडूकाका स्टुलावर बसले. डब्यात पेज होती. सिस्टर दारात आली, बाईंना पाहिलं, स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि औषधांची ट्रॉली घेऊन दुसऱ्याच टोकाला गेली.

बाई दारात टेकून उभ्या राहिल्या. छत गप्प झालं होतं. पंख्याचा, चमच्याचा आणि त्या दोघांच्या बारीक कुरकुरीचा आवाज येत होता. म्हातारी सांगत होती की अंगणातली माशांची जाळी आत घ्या, मांजर घुसतं. काका म्हणत होते, घेतली. ती म्हणत होती, नक्की ना. इतकी वर्षं बाईंनी या वेळाचा अंदाज केबिनीत बसून केला होता. जिना चढला असेल, बसला असेल, विचारून झालं असेल. आतून तो वेळ कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि आता तो दिसत होता तर त्यांना हातात बटण हवं होतं, जुनं, दाबून दाबून गुळगुळीत झालेलं, फक्त एवढ्यासाठी की ते अजून दाबायचं नाही.

पेज संपली. काकांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते झाकण धरूनच बसून राहिले. उठायचं कसं ते त्यांना सुचत नसावं. म्हातारीलाही ‘जा’ म्हणवत नव्हतं.

बाई पुढे झाल्या. पदर सारखा केला, श्वास घेतला आणि अगदी हळू, त्या दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “भेटीची वेळ संपली आहे. नातेवाईकांनी आता निघावं. पेशंटला विश्रांती घेऊ द्यावी.”

धोंडूकाकांनी आधी वर छताकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं, आणि मग हसून चपला शोधायला खाली वाकले.